न पाहिलेल्या वह्या

ऑगस्ट १९५७ मध्ये जो गूल्ड नावाचा एक बेघर, विक्षिप्त माणूस वारला. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या त्याच्या ओळखीच्या काही मंडळींनी एक समिती काढायचं ठरवलं. काम एकच. गूल्डने उभी हयात लिहिलेल्या ‘आपल्या काळाचा मौखिक इतिहास’ या अवाढव्य ग्रंथाच्या वह्या शोधायच्या आणि एका जागी आणायच्या. समितीत येता का, असं जोसेफ मिचेललाही विचारलं गेलं. ते साहजिकच होतं, कारण ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातल्या त्याच्याच लेखाने गूल्ड गल्लीतून देशभर पोचला होता. मिचेल हो म्हणाला. त्या वह्या मुळात नाहीतच, अशी त्याची बऱ्याच वर्षांपूर्वीच खात्री झाली होती, आणि तशी खात्री झालेला तो बहुधा एकटाच होता. तरी तो समितीत बसला. लोक शोधत राहिले आणि हा गप्प राहिला. हे कुणी उघडकीला आणलं नाही. त्याने स्वतःच सात वर्षांनी लिहून टाकलं, तेही आवाज न चढवता.

बरं, या गप्प बसण्यात त्याचा फायदा काय होता? काहीच नाही.

गूल्डसारखी वल्ली लिहिणाऱ्याच्या हाती लागली की निम्मं काम आपोआप होतं. उंची पाच फूट चार इंच, वजन शंभर पौंडांच्या आत, दाढी विस्कटलेली, अंगावर कुणीतरी टाकून दिलेले आणि दोन माप मोठे कपडे. घराणं न्यू इंग्लंडमधलं जुनं, वडील आणि आजोबा डॉक्टर, हा स्वतः हार्वर्डचा १९११ चा पदवीधर. आणि राहायचा कुठे, तर ग्रिनिच व्हिलेज या न्यूयॉर्कच्या कलावंतांच्या वस्तीतल्या भिकार लॉजिंगांत, मित्रांच्या स्टुडिओतल्या फरशीवर, कधी भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत. थंडीत शर्टांच्या मध्ये वर्तमानपत्रं घालायचा, आणि ‘टाइम्स’शिवाय दुसरा पेपर अंगाला लावत नाही असं ऐटीत सांगायचा. उपाहारगृहात टेबलावरची केचपची बाटली ताटात पालथी करून चमच्याने खायचा, कारण फुकट मिळणारं तेवढंच. दारू चढली की हात पसरून समुद्रपक्ष्यांसारखा ओरडत नाचायचा. त्यांची भाषा आपल्याला येते आणि लाँगफेलोच्या कविता त्या भाषेत फार छान उतरतात, असा त्याचा दावा. ई. ई. कमिंग्जसारखा कवी त्याचा मित्र होता, त्याने गूल्डवर कविताही केली. ॲलिस नील या चित्रकर्तीने १९३३ मध्ये त्याचं नग्न चित्र काढलं, आणि ते असं की पुढे कित्येक वर्षं कुठे टांगायची सोय नव्हती. हे सगळं समोर आयतं मांडलेलं असताना कुठल्या बातमीदाराची लेखणी थांबेल?

पण नुसत्या विक्षिप्तपणावर पानभर मजकूर होतो, चरित्रलेख होत नाही. चरित्रलेखाला एक कणा लागतो, आणि गूल्डच्या बाबतीत तो कणा म्हणजे हा मौखिक इतिहास. राजे आणि तह म्हणजे इतिहास नव्हे. बाकावर, बारमध्ये, दवाखान्यात, रस्त्यावर माणसं जे बोलतात ते खरं, आणि आपण ते शब्दशः टिपून ठेवतोय, असं तो १९१७ च्या सुमारापासून सांगत होता. कल्पना खरोखर मोठी होती. ध्वनिमुद्रण यंत्र खांद्याला लावून लोकांच्या मुलाखती घेत फिरणं अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आणि याच कल्पनेच्या जोरावर माणसं त्याला जेवू घालत होती. तो पैसे मागायचा तेही भीक म्हणून नव्हे. ‘जो गूल्ड फंडा’ला वर्गणी म्हणून. त्याच्या सगळ्या तऱ्हेवाईकपणाला त्या न दिसणाऱ्या वह्यांनी प्रतिष्ठा दिली होती. वह्या वजा केल्या तर उरतो तो केचप खाणारा एक बेघर म्हातारा.

मिचेलने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते १९३२ च्या हिवाळ्यात, एका साध्या डायनरमध्ये. तेव्हा मिचेल दैनिकात बातमीदार होता. लेख आला तो पुष्कळ उशिरा, १२ डिसेंबर १९४२ च्या अंकात. त्यात ग्रंथाचा आकार दिला होता: सुमारे ९० लाख शब्द, हाताने लिहिलेले. या आकड्याशी जरा खेळून पाहण्यासारखं आहे. पंचवीस वर्षांत ९० लाख, म्हणजे एकही दिवस न चुकवता रोज साधारण हजार शब्द. हे अशक्य नाही. अनेक पगारी पत्रकार एवढं लिहितात. म्हणजे शब्दांच्या आकड्याने कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. घोळ आहे तो सामानात. शाळकरी वहीच्या पानावर अडीचशे शब्द धरले तर पानं होतात ३६,०००. शंभर पानी वह्या घेतल्या तर ३६० वह्या. एका वहीचं वजन दीडशे ग्रॅम धरलं तरी ढीग ५४ किलोंचा, म्हणजे खुद्द गूल्डपेक्षा जड. ज्याला रात्री पाठ कुठे टेकायची याचा पत्ता नाही, भाडं थकलं की ज्याचं चंबूगबाळं बाहेर फेकलं जातं, त्या माणसाने स्वतःपेक्षा जड असा कागदाचा ढीग पाव शतक पावसापासून आणि उंदरांपासून सांभाळला कसा? हा प्रश्न साहित्याचा नाही, हमालीचा आहे. आणि हमालीचे प्रश्न चरित्रलेख लिहिणाऱ्याला सुचत नाहीत. सुचले तरी ते विचारले की रंगात आलेली मैफल बिघडते.

गूल्डकडे याचं उत्तर होतं आणि ते चांगलं घोटलेलं होतं. बहुतेक वह्या लाँग आयलंडवर एका ओळखीच्या बाईंच्या बदकं-कोंबड्यांच्या फार्मवर, तळघरात, मेणकापडात गुंडाळून ठेवल्या आहेत. युद्ध चालू आहे, शहरावर बाँब पडले तर? हे उत्तर ऐकताना आजही पटतं. त्यात बदकं आहेत, कोंबड्या आहेत, मेणकापड आहे. थापेत एवढा तपशील कोण घालेल असं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. तपशील म्हणजे पुरावा अशी आपली समजूत असते. बातमीदाराची तर जास्तच, कारण तो स्वतः तपशील पेरूनच वाचकाचा विश्वास मिळवत असतो.

वह्या त्याने अजिबात दाखवल्या नाहीत असंही नाही. काही दाखवल्या. त्यांत वडिलांच्या मृत्यूवरचं प्रकरण होतं, टोमॅटो खाण्याच्या दुष्परिणामांवरचं एक तिरपागडं प्रकरण होतं, तरुणपणी नॉर्थ डकोटात जाऊन मूलनिवासींच्या डोक्यांची मापं घेतली होती त्याच्या आठवणी होत्या. हे निबंध झाले. लोकांची बोलणी जिथे टिपली आहेत ती ‘मौखिक’ प्रकरणं निराळी, ती फार्मवर, असं तो सांगे. दुसरी वही मागितली की पुन्हा वडिलांचा मृत्यू. तिसरी उघडली की पुन्हा टोमॅटो. शब्द थोडे इकडेतिकडे, तारखा थोड्या वेगळ्या. तीच तीन-चार प्रकरणं तो वर्षानुवर्षं नव्याने लिहीत होता.

आता पडताळणीचं बघा. हार्वर्डची पदवी विद्यापीठाच्या नोंदींत सापडते. ‘डायल’ या त्या काळच्या वजनदार मासिकाने १९२९ मध्ये त्याचे उतारे छापले होते, तो अंक कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतो. बारच्या मालकांना विचारलं की ते हसून दुजोरा देतात. लेखातली दहापैकी नऊ विधानं अशी तपासून खरी निघाली की दहावं त्यांच्या आडोशाने आत शिरतं. त्यातून दहावं विधान असं की ते खोडायचं तर फार्मवर जायला हवं. एक दिवस, रेल्वेचं तिकीट आणि त्या बाईंचं नाव एवढ्याने काम भागलं असतं. पण बाई फार्म बंद करून दूर गेल्या आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे, असंही उत्तर तयार होतं. मिचेल तिथेच थांबला. त्याला दोष देणं सोपं आहे. तो लेख वाचताना त्या वह्या असाव्यात असं आपल्यालाही फार वाटत असतं, हे मात्र कबूल करायला हवं.

लेख छापून आल्यावर मैत्री सुरू झाली, म्हणजे खरा जाच सुरू झाला. दैनिकातला बातमीदार बातमी देऊन मोकळा होतो. चरित्रलेखवाल्याचं तसं नसतं. त्याने त्या माणसाबरोबर आठवडेच्या आठवडे काढलेले असतात, त्याचं सगळं आयुष्य ऐकून घेतलेलं असतं, आणि ऐकणारा कान एकदा मिळाला की एकटा माणूस तो सहजी सोडत नाही. वाचकांची पत्रं गूल्डच्या नावाने, पण साप्ताहिकाच्या पत्त्यावर येऊ लागली. काहींत पैसेही असत. ती घ्यायला गूल्ड यायचा, जावयाच्या थाटात खुर्चीत बसायचा आणि तासन्‌तास बोलायचा. तेच वडील, तेच हार्वर्ड, तीच गाऱ्हाणी. मिचेल फंडाला वर्गणी द्यायचा, ऐकून घ्यायचा, आणि त्याचं स्वतःचं काम पडून राहायचं. लेख लिहिताना ज्या बोलण्याचं सोनं वाटत होतं, तेच बोलणं लेख झाल्यावर नकोसं होतं. हे बोलायला क्रूर आहे, पण या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आणखी एक गोष्ट घडते, तिची दखल कमी घेतली जाते. छापून आलेला माणूस लेखाबरहुकूम वागायला लागतो. मिनेटा टॅव्हर्न या बारमध्ये गूल्ड येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी शोभेची वस्तू झाला होता. बोहेमियन, म्हणजे बेबंद जगणारा कलावंत, कसा असतो ते पाहायला पर्यटक येत, आणि त्या बदल्यात त्याला तिथे जेवण मिळे. पक्ष्याचा आवाज पूर्वी मर्जीने निघायचा, आता फर्माइशीवर काढायचा. हे त्याला आवडत नव्हतं असं म्हणवत नाही. पण १९४२ नंतरच्या गूल्डमध्ये किती गूल्ड होता आणि किती मिचेलचा लेख, हे वेगळं काढणं मुश्कील.

मग १९४४ मध्ये नवल घडलं. नाव जाहीर न करण्याच्या अटीवर कुणीतरी त्याला दरमहा ६० डॉलर द्यायला तयार झालं. पैसे एका कलादालन चालवणाऱ्या बाईंमार्फत यायचे, थेट गूल्डच्या हातात नव्हे; त्यातून लॉजिंगचं आणि जेवणाचं भागायचं. त्याला हक्काची खोली मिळाली. आता लिहायला अडचण नाही, असं कुणालाही वाटेल. गूल्डने काय केलं, तर आपला दाता कोण हे शोधून काढायचा ध्यास घेतला. मिचेलला छळलं, इतरांना छळलं. दात्या होत्या म्युरिएल गार्डिनर, श्रीमंत घराण्यातल्या, मनोविश्लेषण शिकलेल्या. हे नाव गूल्डला कधीच कळलं नाही. १९४७ च्या अखेरीस पैसे बंद झाले आणि तो पुन्हा रस्त्यावर आला, या वेळी जास्त म्हातारा आणि जास्त खचलेला. शेवट लाँग आयलंडवरच्या पिलग्रिम स्टेट या मनोरुग्णालयात झाला. वह्या जिथे आहेत असं तो सांगायचा, त्याच लाँग आयलंडवर.

पण याच्या आधीच मिचेलचा बांध एकदा फुटला होता. त्याने गूल्डला एका प्रकाशकापर्यंत नेलं. इतिहास छापला जावा ही इच्छा खरी होतीच, शिवाय हा माणूस एकदाचा मार्गाला लागावा हीदेखील असणार. गूल्डने टाळाटाळ केली, हे नको ते नको केलं, आणि अखेर म्हणाला, मी मेल्यावरच छापायचं. तेव्हा मिचेलच्या डोक्यात सगळं जुळलं, आणि त्याने तोंडावर म्हणून टाकलं की तुझा इतिहास अस्तित्वातच नाही. गूल्डने वाद घातला नाही. हा आळसाचा प्रश्न नाही, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि गेला. पुढच्या भेटीत दोघंही असे वागले की जणू ते वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. तिथून मिचेल भागीदार झाला. आधी तो फसला होता. आता तो जाणूनबुजून सांभाळत होता. गूल्ड जिवंत असेपर्यंतचं त्याचं मौन मला समजतं, कारण सत्य छापलं असतं तर त्या माणसाच्या पुढचं ताट काढून घेतल्यासारखं झालं असतं. मेल्यानंतरच्या मौनाला दुसरं कारण हवं.

ते त्याने स्वतःच दिलंय. संतापाच्या भरात बोलून गेल्यावर त्याला स्वतःची कादंबरी आठवली. दक्षिणेतल्या खेड्यातून न्यूयॉर्कला आलेल्या एका तरुण बातमीदाराची, शहरात हरवलेल्या माणसाची मोठी कादंबरी. वर्षानुवर्षं तो ती मनात रचत होता, त्यातली दृश्यं त्याला पाठ होती. कागदावर एक शब्दही नव्हता. फरक इतकाच की मिचेलने ती लिहिल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं.

१९६४ च्या सप्टेंबरात, लागोपाठच्या दोन अंकांत, हा दुसरा लेख आला आणि मराठीत ज्याला आपण व्यक्तिचित्र म्हणतो त्याच्या हिशेबाने पाहिलं तर पहिल्याहून कितीतरी वरचा उतरला. पहिला तृतीयपुरुषी, चकचकीत, किस्सा संपतो न संपतो तोच दुसरा किस्सा. दुसऱ्यात ‘मी’ आला. लेखक दाराआडून बाहेर येऊन आपणही या खोलीत होतो असं सांगतो, कुठे कंटाळलो, कुठे दुष्ट झालो तेही सांगतो. हीच माणसं, हेच बार, हाच केचप. पण आता हसू येत नाही. तंत्र म्हणून शिकायचं तर हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यातला जो तपशील गमतीचा होता तो दुसऱ्यात भुकेचा होतो, आणि त्यासाठी शब्द फारसे बदलावे लागलेले नाहीत.

मात्र इथे एक विनोद दडलाय, थोडा कडू. दुसऱ्याने न लिहिलेलं लिहिलं म्हणून सांगितलं याचा ज्याला धक्का बसला, तो मिचेल स्वतः काय करत होता? १९४४ च्या सुमारास त्याने मासळीबाजारातल्या मिस्टर फ्लड नावाच्या एका वृद्धावर लेख लिहिले, आणि साप्ताहिकाच्या वाचकांनी तो हाडामांसाचा माणूस समजला. पुस्तक निघालं तेव्हा, १९४८ मध्ये, प्रस्तावनेत सांगितलं की फ्लड हा एक माणूस नव्हे, अनेक म्हाताऱ्यांची बेरीज. मिचेलच्या लेखांतली ती पानपानभर चालणारी एकसंध भाषणं कुठल्याही माणसाने एका दमात केलेली नसणार, हे ज्याने कधी मुलाखत उतरवून काढली आहे त्याला लगेच कळतं. खरी माणसं अर्ध्या वाक्यात थांबतात, खोकतात, विषय सोडतात. लोकांचं बोलणं ऐकून ते शहराचा इतिहास म्हणून लिहायचं, हे काम गूल्ड सांगत राहिला आणि मिचेल करत राहिला. करताना बोलणं घडवतही राहिला. म्हणून गूल्डचा राग आला तरी त्याला उघडं पाडणं जमेना, असं मला वाटतं. तो आपल्याच धंद्यातला होता.

दुसऱ्या लेखानंतर मिचेलने ‘न्यूयॉर्कर’मध्ये काहीही छापलं नाही. १९९६ मध्ये मरेपर्यंत तो नियमाने कार्यालयात येत होता. या मौनाला गूल्डचा शाप म्हणायची फॅशन आहे. मला ती आवडत नाही. आयुष्यभर सावकाश लिहिणारा माणूस साठीकडे झुकताना थांबला, त्याचं शहर पाडून नवं बांधलं जात होतं, जवळची माणसं जात होती. शापाची गरज नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सुबक झाली असती. पण १९६४ च्या लेखानंतर मिचेलला पत्रं येऊ लागली. आम्ही वह्या पाहिल्या आहेत, काही भाग वाचला आहे, त्यांत लोकांची बोलणी होती, असं सांगणारी. म्हणजे ९० लाख शब्द नसतील, पण ‘नाहीच’ हेही धड खरं नव्हतं. १९४२ मध्ये त्याने एका साक्षीदाराच्या भरवशावर ‘आहे’ म्हटलं. १९६४ मध्ये एकाच साक्षीदाराच्या, म्हणजे स्वतःच्या, भरवशावर ‘नाही’ म्हटलं. दोन्ही वेळा गोष्ट सुंदर झाली. ही पत्रं त्याने जपून ठेवली, त्यांवर लिहिलं मात्र नाही. ती पुन्हा उघडली इतिहासकार जिल लेपोर यांनी, २०१५ मध्ये. गूल्डच्या १९४० च्या दशकातल्या रोजनिशीच्या वह्याही न्यूयॉर्क विद्यापीठात आहेत. आज कुठे जेवलो, कुणी किती दिले, अंघोळ झाली का, अशा कोरड्या नोंदींच्या.

एक पत्र लेखक मिलन ब्रँड यांचं होतं, आणि ते वह्यांपुरतं नव्हतं. त्यात ऑगस्टा सॅव्हेज होती. हार्लेममधली कृष्णवर्णीय शिल्पकार, १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी ‘हार्प’ हे भव्य शिल्प करणारी, अनेक तरुण चित्रकार-शिल्पकारांची शिक्षिका. गूल्डने तिला लग्नाची मागणी घातली होती, तिने नकार दिला होता, आणि तो वर्षानुवर्षं तिच्या मागे लागला होता: पत्रं, फोन, पाठलाग. व्हिलेजमध्ये जो सगळ्यांचा गमत्या होता, तो तिच्यासाठी दार लावून घ्यावं असा माणूस होता. मिचेलच्या दोन्ही लेखांत ही बाजू नाही. वल्लीवर लिहिणारा त्या वल्लीच्या प्रेक्षकांना विचारतो. बारवाले, कवी, चित्रकार, वर्गणी देणारे, सगळे हसत हसत सांगतात. जे लोक त्या माणसाला चुकवून पलीकडच्या फुटपाथने जातात त्यांचे पत्ते या मंडळींकडे नसतात. सॅव्हेज १९४० च्या दशकात न्यूयॉर्क सोडून सॉगर्टीज या गावी एका फार्मवर राहायला गेली आणि १९६२ मध्ये वारली. दुसरा लेख दोन वर्षांनी आला, ब्रँड यांचं पत्र त्याच्याही नंतर. मिचेलने तिला गाठून विचारावं म्हटलं असतं, तरी तोवर उशीर झाला होता.